मधल्या वेळेचा मालक

एक काम संपलं आहे आणि दुसरं अजून सुरू झालेलं नाही, अशा मधल्या वेळेचा मालक कोण? ऑफिसच्या मते तुम्ही सुटलात, घरच्यांच्या मते तुम्ही अजून पोचला नाहीत. सामाईक जिन्यातल्या दिव्यासारखा हा प्रकार आहे. उजेड सगळ्यांना हवा, पण बल्ब कोणी आणायचा हे ठरवायला मीटिंग काही भरत नाही.

असल्या बेवारशी गोष्टींसाठी आम्हां कॉमर्सवाल्यांकडे सस्पेन्स खातं असतं. रक्कम आली, पण कोणाच्या नावे टाकायची कळत नाही? ठेवा तिथं तात्पुरती. इन्स्पेक्शनचा साहेब चहाच्या आधी तेच खातं मागतो, कारण तात्पुरती म्हणून आलेली मंडळी तिथं वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून असतात.

या प्रश्नावर मला थोडाफार उजेड मिळाला तो माझ्या भाच्याकडून. तो ट्रायथलॉन करतो. आधी पोहायचं, मग सायकल हाणायची, मग पळायचं; होडी, बस आणि रिक्षा यांचा एकाच दिवशी संप व्हावा तसा हा खेळ. २००० साली सिडनीला तो ऑलिंपिकमध्ये आला. अंतरं दीड, चाळीस आणि दहा किलोमीटर! पण खरी गंमत मधे आहे. पाण्यातून निघून सायकलीवर बसेपर्यंत आणि सायकल ठेवून पळायला लागेपर्यंत घड्याळ थांबत नाही. बूट सापडत नाहीत? शोधा खुशाल, वेळ तुमच्या नावे पडते. सस्पेन्स खातं नाहीच! त्या खेळातली माणसं या दोन बदलांना खेळाचा चौथा भाग म्हणतात.

एका स्पर्धेआधी भाचा आमच्याकडे उतरला होता. पुढच्या खोलीत टॉवेल पसरून त्यानं सत्यनारायणासारखी मांडामांड केली. हेल्मेट उलटं, पट्टे मोकळे, आत गॉगल. बुटांना नाड्यांऐवजी इलॅस्टिक, आणि आत टाल्कम पावडर, कारण ओला पाय बुटात शिरताना सरकारी फायलीसारखा अडतो. छातीवरचा नंबर इलॅस्टिकच्या पट्ट्यावर, म्हणजे सायकलीवर तो पाठीमागे आणि पळताना पुढे फिरवता येतो. जे आधी लागणार ते आधी हाताशी. "आणि मामा, पाण्यापासून आपल्या सायकलीपर्यंतची वाट आधी चालून बघायची. रांगा मोजायच्या. शेजाऱ्याच्या लाल पिशवीची खूण धरायची नाही, तो ती उचलून नेतो." इतकं उपयोगी वाक्य मी आजवर एकाही प्रवचनात ऐकलेलं नाही.

"यात नवीन काय?" बायको दारातून म्हणाली. "तेल तापल्यावर मोहरी शोधत बसलं, तर फोडणी होते का?" ती शाळेत शिकवते. घरी येते, चप्पल काढते आणि गॅस पेटवते. चवळी सकाळीच भिजत पडलेली असते. मी बँकेतून आल्यावर वीस मिनिटं पंख्याखाली बसतो. "तुम्हांला ही वीस मिनिटं मिळतात, ती कोणाच्या खात्यातून?" तिनं विचारलं. भाचा हेल्मेटचा पट्टा फार बारकाईनं तपासू लागला.

बरं, सगळी घाईच असते म्हणावं तर तसंही नाही. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकल जागेवरून काढायची नाही. पुढे एक रेघ असते. तिथपर्यंत सायकल हातानं न्यायची, ओलांडली की बसायचं. २०१२ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये, हाइड पार्कात, जॉनथन ब्राउनली हा ब्रिटिश खेळाडू रेघेच्या किंचित आधीच सायकलीवर बसला. पंधरा सेकंदांची शिक्षा! पळण्याच्या टप्प्यात थांबून त्यानं ती भोगली आणि तरीही ब्राँझ मिळवलं. सोनं त्याच्या सख्ख्या भावाला, ॲलिस्टरला.

"क्षणभराच्या घाईला पंधरा सेकंद? हे व्याज सावकारालाही शोभणार नाही," मी म्हणालो.

"मामा, ती रेघ त्याच्या एकट्यासाठी नसते. तिथं अनवाणी माणसांची झुंबड असते. एकानं घाई केली की चाक दुसऱ्याच्या पायावरून जातं."

म्हणजे मधली वेळ माझी असली, तरी मधली जागा सामाईक. बायकोनं माझ्याकडे नुसतं बघितलं. नुसतं बघण्याचं पुढे भाषांतर करायला मी बसलो नाही.

सायकलीवरून उतरून पळायला लागलं की म्हणे पाय आपले वाटत नाहीत, लाकडाचे वाटतात. म्हणून सरावात सायकल संपल्यासंपल्या मुद्दाम थोडं पळून घेतात. हे ऐकलं आणि मला आमचे हेडकॅशिअर आठवले. अडतीस वर्षं नोकरी. निरोपसमारंभात आम्ही त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. उद्यापासून ज्याला कुठं वेळेवर पोचायचं नाही, त्याला नेमकं घड्याळच का देतात, कोण जाणे. महिनाअखेरीला गेले आणि पहिल्याच कामाच्या दिवशी साडेदहाला हजर, पासबुक भरायला! अडतीस वर्षांत त्यांच्याकडून पाच मिनिटं पळण्याचा सराव कोणी करून घेतला नव्हता.

तेव्हापासून रोज येतात. पासबुकात नवी नोंद नसते, तरी मी ते मशीनमध्ये घालतो. ते चष्मा लावून शेवटची ओळ वाचतात, शिल्लक बरोबर असल्याचं मला सांगतात आणि ग्राहकांच्या बाकावर जाऊन बसतात. रांगेतला मागचा माणूस मनगटावर बघतो. त्याची तीन मिनिटं गेलेली असतात. ती त्याच्या नावे टाकावीत तर अन्याय, आणि हेडकॅशिअरांच्या नावे टाकायला माझा हात धजत नाही. काउंटर ढिला आहे असं रांग पुटपुटते, तेव्हा ती माझ्या नावे पडली असं मी समजतो.

गेल्या महिन्यापासून मात्र ते साडेदहाऐवजी अकराला येतात.