कळते, पण वळत नाही

तंबाखूच्या पुडीवर २००९ सालापासून आपल्या देशात इशाऱ्याचे चित्र छापलेले असते; २०१६ पासून तर त्या इशाऱ्याने पुडीचा ८५ टक्के भाग व्यापला आहे. तरीही २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत शंभर प्रौढांपैकी सुमारे २९ जण तंबाखूचे सेवन करताना आढळले.

हे चित्र पाहणारा मनुष्य आंधळा नसतो. पत्नी डोळ्यांत पाणी आणून विनविते, मुलगा डबी लपवून ठेवतो. ही सवय घातक आहे, हे गृहस्थ दोघांपाशी कबूल करतो. आणि बोलता बोलताच त्याचा अंगठा तळहातावर तंबाखू मळू लागतो. ज्ञान तर आहे. मग उणीव कशाची?

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुनाचा प्रश्न हाच आहे. नको असतानाही मनुष्याला पापाकडे कोण ओढून नेते? उत्तर देताना भगवंत दैवाकडे वा दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवीत नाहीत. रजोगुणातून उपजलेला काम हाच वैरी, असे ते सांगतात. धुळीने आरसा झाकावा तसे तो ज्ञानाला झाकतो. झाकतो, नष्ट करीत नाही. म्हणूनच चिमूट तोंडात गेल्यावर पश्चात्ताप होतो.

द्यूतातून कलह उपजतो, हे युधिष्ठिर विदुरापाशी स्वतः बोलला होता. तरी तो खेळावयास गेला, सर्वस्व हरला, आणि पुन्हा बोलावणे येताच पुन्हा फाशांपाशी बसला. धर्मराजाची ही गत, तेथे सामान्यांनी गाफील राहू नये. इंद्रिये, मन आणि बुद्धी ही त्या वैऱ्याची ठाणी होत. जीभ मागते, मन सुख रंगविते आणि बुद्धी सबब पुरविते : 'आज एवढीच, उद्यापासून बंद.'

अठराव्या अध्यायात सुखाची पारख सांगितली आहे. राजस सुख आरंभी अमृतासारखे व अंती विषासारखे असते. सात्त्विक सुखाचा क्रम नेमका उलटा. तंबाखू सोडणाऱ्याला पहिले काही दिवस चिडचिड, तळमळ, निद्रानाश सोसावा लागतो. हा पराभव नव्हे. कल्याणाच्या मार्गावरील तो आरंभीचा कडवटपणाच होय.

म्हणून भगवंत प्रथम इंद्रियांना आवरावयास सांगतात. युद्धाचा क्षण पश्चात्तापाचा नव्हे, तर हात डबीकडे वळण्यापूर्वीचा आहे. घरात पुडी ठेवू नये. जेवणानंतरच्या नेमक्या त्या वेळी तोंडात बडीशेप आणि ओठी नाम असावे. व्यसन देहालाही बांधते. यास्तव वैद्याचे साहाय्य घेण्यात कमीपणा मानू नये. आणि घरच्यांनी, जे त्याला ठाऊकच आहे ते पुन्हा पुन्हा ऐकविण्याऐवजी, त्या एका क्षणी त्याच्याजवळ बसावे. आरसा नवा आणावयाचा नाही. धूळ तेवढी रोज पुसावयाची आहे.