दुसऱ्याच्या प्रश्नाची चाकरी

ज्या कार्याचे श्रेय अखेर दुसऱ्याच्या नावे जमा व्हावयाचे, त्या कार्यात विद्यार्थ्याने आपली उमेदीची वर्षे वेचावीत काय, हा प्रश्न वरकरणी व्यवहाराचा भासला तरी त्याची मुळे कर्म आणि कर्तृत्व यांविषयीच्या फार जुन्या चिंतनात आहेत. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या चौथ्या वर्षात संशोधनाला स्थान दिल्यामुळे, कोंढ्यासारख्या गावातून नागपूरच्या महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींपुढेही तो आता उभा राहणार आहे.

कोंढा ज्या पवनी तालुक्यात मोडते, त्या पवनीस नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९-७० साली संयुक्त उत्खनन केले, तेव्हा जगन्नाथ टेकडीच्या पोटातून प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष बाहेर आले. कठड्याच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे आहेत, अहवालावर शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांची आहेत. परंतु असा कोणताही अहवाल ज्या पायावर उभा राहतो, तो पाया म्हणजे मातीने माखलेली खापरे धुणे, प्रत्येकावर खड्ड्याचा आणि थराचा क्रमांक शाईने घालणे, आणि दिवस मावळण्यापूर्वी नोंदवही पुरी करणे. हे काम बहुधा होतकरू साहाय्यकाकडे येते. आणि गंमत अशी की, त्याने थराचा क्रमांक चुकविला तर ते खापर भलत्याच शतकात जाऊन बसते व पुढे कितीही मोठ्या पंडिताची विद्वत्ता त्यास सहसा परत आणू शकत नाही. श्रेय अपुरे, जबाबदारी मात्र संपूर्ण, अशी ही विलक्षण नेमणूक आहे. तीत यशस्वी होणे म्हणजे, जेथे थर नक्की कळला नाही तेथे ‘संदिग्ध’ असे निःसंकोच लिहिणे, याहून फारसे निराळे नाही असे मला वाटते.

छांदोग्य उपनिषदातील सत्यकाम जाबाल गौतमाकडे गेला, तेव्हा गोत्र विचारताच त्याने ते आपणास ठाऊक नाही असे सरळ सांगितले, आणि सत्यापासून ढळला नाही एवढ्याच कारणास्तव त्याचा स्वीकार झाला. त्याचप्रमाणे संशोधनात साहाय्यक होण्यासाठी प्राध्यापकाकडे अर्ज करणाऱ्याने गुणपत्रिकेची मिरवणूक काढण्याऐवजी त्यांचा कोणता लेख वाचला, कोठे अडलो, आठवड्यास किती तास खरोखर देता येतील, एवढे लिहावे. उत्तर न आले तर काही दिवसांनी स्मरण द्यावे, आणि तरीही न आले तर दुसरे दार ठोठावावे. सत्यकामाला तरी गौतमाने प्रथम दिले काय? चारशे रोडक्या गाई. त्या हजार होईपर्यंत परतणार नाही असे म्हणून तो रानात गेला, आणि वृषभ, अग्नी, हंस व मद्गू पक्षी यांनी त्याला ब्रह्माचा एकेक पाद सांगितला. इतके कळूनही तो गुरूकडे परतला आणि ‘आता आपण सांगा’ म्हणाला. गाई राखणे आणि ज्ञान यांत जे अंतर होते ते या विचारण्याने मिटले. ज्याला आपण कोणत्या प्रश्नासाठी राबतो हेच कधी सांगितले जात नाही आणि जो ते विचारतही नाही, त्याची सेवा ही निव्वळ बिगार होय, मग तिला निष्काम कर्माचे कितीही भरजरी नाव द्या.

सेवा घेऊन न शिकविण्याचा हा दोष आपल्या परंपरेने लपविलेला नाही. तोच सत्यकाम पुढे आचार्य झाला, आणि उपकोसल नावाच्या शिष्याने बारा वर्षे त्याचे अग्नी सांभाळले. इतरांना त्याने घरी पाठविले, याला मात्र ना निरोप दिला ना उपदेश. तेव्हा आचार्याच्या पत्नीने त्याला बजावले की, या मुलाने अग्नींची सेवा नीट केली आहे, अग्नींनी तुम्हांस दोष देण्यापूर्वी त्याला शिकवा. सत्यकाम काही न बोलता प्रवासास निघून गेला, उपकोसलाने दुःखाने अन्न वर्ज्य केले, आणि अखेर ते अग्नीच त्याला शिकवावयास बसले.