कच्च्यांची यादी

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गणिताच्या ‘एम-थ्री’ पेपरची केटी लागली, की घरात पहिला प्रश्न येतो तो ‘क्लास कुठला लावायचा?’ हा. मुंबई-ठाण्यात या एका विषयावर कित्येकांचे क्लास चालतात. लाप्लास, फूरिये श्रेणी, संमिश्र चल आणि प्रत्येकाचे ‘आयएमपी सम्स’. जुन्या पेपरांतून निवडलेली गणिते घोटून घ्यायची, ४० टक्के गाठायचे, विषय सुटला. क्लासवाल्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही; जे विकतात ते चोख विकतात, आणि पास होण्याची मुलांची गरज खोटी नाही. पण गणितातली मदत म्हणजे एवढेच, असे आपण सगळेच धरून चाललो आहोत, आणि माझे भांडण तिथे आहे.

‘लाप्लास डोक्यावरून जातं’ म्हणणाऱ्या एखाद्या मुलाला शेजारी बसवून एक साधे गणित द्यावे. अंशात एस अधिक ३, हरात एस वर्ग अधिक ४ एस अधिक १३. व्यस्त लाप्लास काढ. सूत्रे त्याला पाठ असतात. शिफ्टिंगचा नियमही तो बिनचूक सांगतो. पेन अडते ते हराशी. तो अवयव पाडायला जातो, ते पडत नाहीत, आणि तो वर बघतो. तो हर म्हणजे एस अधिक २ चा वर्ग अधिक ९, हे एकदा दिसले, की अंशाची एस अधिक २ आणि वर १ अशी फोड त्याची तोच करतो आणि उत्तरापर्यंत जातो. पूर्ण वर्ग करण्याची ही रीत दहावीच्या वर्गसमीकरणांतली. तिथे सूत्र हाती आले की ही रीत सगळेच सोडून देतात, शिक्षकसुद्धा. म्हणजे मुलगा जिथे अडलो म्हणतो तिथे तो अडलेला नसतो. आणि हे कळते ते त्याचे पेन चालताना कुणी पाहत असेल तरच. फळ्यावर उतरवलेल्या उत्तरातून ते कळत नाही, मोबाइलवर फोटो काढून मिळवलेल्या उत्तरातून तर नाहीच.

मग पाहणार कोण? कॉलेजांचे ठरलेले उत्तर म्हणजे रेमेडियल. नापासांची यादी नोटीस बोर्डावर लागते आणि तास संपल्यावर त्यांना थांबवतात. बारावीला गणितात नव्वदच्या वर मिळवलेला मुलगा त्या यादीत स्वतःचे नाव वाचतो, तेव्हा त्याला तिथे मदत दिसत नाही, शिक्का दिसतो. तो कारणे काढून टाळतो, आणि आपण म्हणतो, यांनाच गरज नाही.

सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात गणितज्ञ उरी ट्राइसमन यांना असाच दोष मुलांच्या माथी मारलेला दिसला. कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय मुले मोठ्या संख्येने का मागे पडतात, याची प्राध्यापकांकडे तयार कारणे होती: जिद्द कमी, पाया कच्चा, घरून पाठबळ नाही, गरिबी. ट्राइसमन यांनी २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाच्या मुलांचा अभ्यास जवळून पाहिला. तयार कारणे टिकली नाहीत. कृष्णवर्णीय मुले मेहनती होती, पण एकेकटी अभ्यास करत. चिनी वंशाची मुले आधी एकटी बसत, मग एकत्र जमून एकमेकांची गणिते तपासत, जेवणही तिथेच. गणित सगळ्यांनाच अडले, तर ते अवघड आहे एवढाच त्याचा अर्थ होई. एकट्याला तोच अडथळा स्वतःच्या अकलेचा पुरावा वाटतो. ट्राइसमन यांनी पुढे जे गट चालवले, त्यांत सोपी उजळणी ठेवली नाही. नेहमीपेक्षा अवघड गणिते दिली आणि गट हुशारांचा म्हणूनच ओळखला जाईल असे पाहिले. त्या मुलांचे निकाल सुधारले.

आपल्याकडे होस्टेलवर अशी टोळकी आपोआप जमतात. पण कुणाला त्यांत जागा मिळते, हे जातीवर, इंग्रजीवर, सिनियरच्या ओळखीवरही ठरते, याबद्दल आपण फारसे बोलत नाही. आणि कर्जत-कसाऱ्याहून लोकलने येणाऱ्याला टोळके कुठले? शेवटचा तास संपला की तो स्टेशनकडे धावतो.

मग ही सोय शिकवण्याच्या तासातच व्हायला हवी, आणि तसा नमुना आपल्याकडे आहे. गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी प्रा. एस. कुमरेसन यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या एमटीटीएस शिबिरांत उत्तर हातात देण्यापेक्षा प्रश्न विचारत मुलांकडून ते काढून घेण्यावर भर असतो. तिथे निवडली जाणारी मुले मोजकीच, हे खरे. पण इंजिनिअरिंगवाल्यांच्या वेळापत्रकातही गणिताची ट्युटोरियल असतेच, तीही बॅच पाडून. म्हणजे तास आहे, खोली आहे, मुले थोडी आहेत. त्या तासाला होते काय? सर फळ्यावर सहा गणिते सोडवतात, मुले ती वहीत उतरवतात, आणि टर्मवर्कचे गुण पूर्ण वहीला मिळतात. अर्धवट सोडवलेल्या, चौथ्या ओळीला अडकलेल्या, शेजाऱ्याने पेन्सिलीने खूण केलेल्या गणिताला गुण नाहीत. ते गुण द्यायला कुठल्या नव्या योजनेची वाट पाहावी लागत नाही. सरांनी खडू खाली ठेवून बाकांमधून फिरायचे ठरवले तर हे पुढच्या आठवड्यातही सुरू होईल. मात्र त्या तासाला सहा गणिते होणार नाहीत, दोनच होतील, आणि ‘पोर्शन कसा संपणार?’ या प्रश्नाचे उत्तर द्यायला त्यांना विभागप्रमुखांसमोर उभे राहावे लागेल.