हात धरून निघालेली यात्रा



पवित्र भूमीच्या, रोमच्या किंवा लुर्डच्या यात्रेची तयारी आपल्या घरांतून वर्षानुवर्षे चालते. पै पै साठवलेली असते, पासपोर्ट काढलेला असतो, यात्रा कंपनीकडे पैसे भरलेले असतात. धर्मग्रामातील मंडळींनी आपापल्या विनंत्यांच्या चिठ्ठ्याही हाती दिलेल्या असतात. आणि निघायला पंधरा दिवस उरले असताना छातीत कळ येते, किंवा रक्तातील साखर एकाएकी वाढते. डॉक्टर तपासतात, औषधे बदलतात आणि अखेर सांभाळून जाण्याची परवानगी देतात. परवानगी मिळते खरी. पण मनाची उभारी गेलेली असते. आपण साऱ्या गटाला ओझे होऊ, ही लाज वाटते. त्याहून खोल एक प्रश्न सलत राहतो : देवानेच बोलावले होते, तर हे दुखणे मध्येच का आले?

हा प्रश्न मनात ठेवूनच आपण म्हैसूरला जाऊ. राजवाडा, चामुंडी टेकडी आणि वृंदावन उद्यान पाहून आपले सहलकरी संत फिलोमिनाच्या कॅथेड्रलपाशी उतरतात, सुमारे १७५ फूट उंचीच्या जुळ्या मनोऱ्यांचे छायाचित्र घेतात आणि पुढे जातात. संत योसेफ व संत फिलोमिना यांच्या नावे असलेल्या या मंदिराची कोनशिला २८ ऑक्टोबर १९३३ रोजी महाराजा कृष्णराज वडियार चौथे यांच्या हस्ते बसली. त्याआधी १९२६ साली महाराजांच्या दरबारातील अधिकारी टी. थंबू चेट्टी यांनी या संतिणीचा पवित्र अवशेष मिळविला होता. तळघरात तिची पहुडलेली मूर्ती आहे. संत फिलोमिनाच्या चरित्राविषयी इतिहासाला फार थोडे ठाऊक आहे. १९६१ साली तिचा सण ख्रिस्तसभेच्या दिनदर्शिकेतून वगळण्यात आला. परंतु तिच्या नावाचा महिमा ज्या घटनेने जगभर पसरला, ती घटना म्हणजे एका आजारी स्त्रीचा परदेशप्रवास होय. आपल्या प्रश्नाशी तिचा जवळचा संबंध आहे.

पोलिन जारिको ही फ्रान्समधील लियों शहरातली, रेशमाच्या व्यापाऱ्याची मुलगी. जन्म १७९९. गिरणीतल्या कामगार मुलींकडून दर आठवड्याला एक लहानसे नाणे गोळा करून तिने परदेशातील मिशनकार्याला मदत सुरू केली आणि त्यातूनच १८२२ साली श्रद्धाप्रसार संघ उभा राहिला. १८२६ साली तिने जिवंत जपमाळेचा उपक्रम सुरू केला. अशा कर्तबगार स्त्रीला हृदयविकाराने गाठले. १८३५ साली ती इटलीच्या प्रवासाला निघाली, तेव्हा ती स्वतःच्या बळावर चालणारी यात्रेकरू राहिली नव्हती. सोबत्यांनी न्यावे तसे जायचे, त्यांनी थांबवावे तेथे थांबायचे, अशी तिची यात्रा होती. रोमला पोहोचल्यावर ती अंथरुणालाच खिळली. पोप ग्रेगरी सोळावे स्वतः तिला भेटावयास आले. ती जगेल असे त्यांना वाटले नाही. तरीही ती नेपल्सजवळील मुन्यानो या गावी संत फिलोमिनाच्या मंदिरात गेली आणि १० ऑगस्ट १८३५ रोजी तेथे ती बरी झाली. तिला पुन्हा रोममध्ये पाहून पोप महाशय थक्क झाले.

प्रिय वाचकहो, येथेच थांबलो, तर आपण चुकीचा धडा घेऊ. 'यात्रेला जा, दुखणे पळेल' असा हा सौदा नव्हे. बऱ्या झालेल्या पोलिनचे पुढचे आयुष्य सुखाचे गेले नाही. कामगारांसाठी आदर्श वसाहत उभारताना तिची फसवणूक झाली, ती कर्जात बुडाली आणि १८६२ साली दारिद्र्यात मरण पावली. ख्रिस्तसभेने तिला २२ मे २०२२ रोजी लियोंमध्ये धन्य घोषित केले, ते तिची यात्रा सफल झाली म्हणून नव्हे. बळ असताना आणि नसताना, दोन्ही वेळी तिने देवाचा हात सोडला नाही म्हणून.

पवित्र शास्त्रही हेच शिकवते. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात संत पौल आठवण करून देतो की, शरीराच्या दुखण्यामुळेच त्याला प्रथम त्यांच्यामध्ये सुवार्ता सांगण्याची संधी मिळाली. म्हणजे जे दुखणे अडथळा वाटले, तेच देवाने वाट म्हणून वापरले. मार्कच्या शुभवर्तमानातील पक्षाघाती मनुष्य येशूपाशी आला तो चौघांच्या खांद्यांवरून. येशूने त्या चौघांचा विश्वास पाहिला. वाहून नेले जाणे ही नामुष्की नव्हे. कोणाच्या तरी विश्वासाला त्यामुळे काम मिळते.

आणि ज्याला डॉक्टर जाऊ नको म्हणतात, त्याचे काय? पौलाचा सोबती त्रफिम आजारी पडला, तेव्हा पौलाने त्याला मिलेत येथे मागे ठेवले. ज्या प्रेषिताच्या हातून कित्येक बरे झाले, त्याचा हा सोबती आजारीच राहिला. मागे राहिलेला त्रफिम देवाच्या यादीतून गळाला नाही. त्याचे नाव शास्त्रात कायम राहिले. घरी राहून जपमाळ करणारा आजारीही त्या यात्रेचा सहभागीच असतो.

जे निघणार आहेत, त्यांना दोन शब्द. बेन सिराखच्या ग्रंथाचा ३८वा अध्याय वैद्याचा मान राखावयास सांगतो. म्हैसूरच्याच मंडी मोहल्ल्यातील मिशन हॉस्पिटल मेथडिस्ट मिशनने १९०६ मध्ये उभारले, ते औषधोपचार हीदेखील देवाची सेवा मानूनच. म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी व औषधे हातातल्या पिशवीतच ठेवा. गटप्रमुखापासून आपले दुखणे लपवू नका. चाकांची खुर्ची पुढे आली, तर तिला नकार देऊ नका. चढण झेपत नसेल, तर पायथ्याशी बसून प्रार्थना करा. आणि गटात जे धडधाकट आहेत, त्यांनी घड्याळाकडे पाहून कपाळाला आठ्या घालू नयेत; मागे रेंगाळणाऱ्या त्या एका व्यक्तीमुळेच ती सहल यात्रा होणार आहे.

तरुणपणी आपण आपल्या मर्जीने चालतो. पुढे दुसरे कोणी आपल्याला नेते. येशूने पेत्राला ही गोष्ट आधीच सांगून ठेवली होती, आणि त्यानंतरच आपल्यामागे येण्याची आज्ञा दिली होती. तेव्हा आजारपणानंतर ठेवलेले पहिले पाऊल डळमळते असले, तरी ते त्याच्या मागेच पडते.

प्रार्थना : हे प्रभो, आमचे बळ सरेल तेव्हा दुसऱ्याचा हात धरण्याची नम्रता आम्हांला दे. जे निघाले त्यांना सांभाळ, जे मागे राहिले त्यांच्याजवळ राहा, आणि आम्हां सर्वांना शेवटच्या मुक्कामी तुझ्या घरी एकत्र आण. आमेन.