अजून एक वर्ष



नोव्हेंबर हा आपल्या परलोकवासी आप्तजनांच्या स्मरणाचा महिना. या दिवसांत आपण शिवडीच्या दफनभूमीत जातो, कबरीवरचे गवत उपटतो, फरशी धुतो, फुले वाहतो, मेणबत्ती लावून प्रार्थना करतो. ज्या मातीवर आपण गुडघे टेकतो ती पूर्वी काय होती, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. तिथे बाग होती. पश्चिम भारतात शेती आणि बागकामाचा प्रसार व्हावा म्हणून ब्रिटिशांच्या काळात एक सोसायटी स्थापन झाली होती. तिची ही बाग. 1860 च्या दशकात ती जागा दफनभूमीसाठी घेण्यात आली. सोसायटीला भायखळ्याला जमीन मिळाली, आणि तिथली बाग 1862 मध्ये लोकांना खुली झाली. तीच आपली राणीची बाग.

बागेत कबर, ही गोष्ट आपल्या श्रद्धेला परकी नाही. प्रभू येशूला जिथे क्रुसावर खिळले त्याच्याजवळ बाग होती आणि त्या बागेतल्या नव्या कबरीत त्याला ठेवले, असे संत योहान सांगतो. पुनरुत्थानाच्या पहाटे रडणाऱ्या मग्दालीया मरियेला समोर उभा असलेला प्रभू ओळखता आला नाही. तिला तो माळी वाटला. आम्हांला वाटते, तिचे काही फार चुकले नाही. मेल्यासारखे दिसणारे बी मातीत घालून त्यातून जीव उगवताना पाहणे हे माळ्याचेच काम.

म्हणून या महिन्यात आम्ही बागेविषयी, म्हणजे भाजीपाल्याच्या वाडीविषयी लिहीत आहोत. शिवडीच्या चाळीत राहणाऱ्यांना वाडीचे काय, असे कोणी विचारील. पण आपल्यातल्या कितीतरी कुटुंबांची मुळे वसईच्या वाड्यांत आहेत, काहींची कोकणात आणि गोव्यात, काहींची नगर-जालन्याकडच्या रानात. आजोबांच्या नावे कुठेतरी चार-दोन गुंठे, एक विहीर आणि दोन माड आहेत. ते ठेवायचे की विकायचे, हा प्रश्न अनेक घरांत जेवणाच्या ताटावर येतो आणि भावंडांत अबोला धरवतो. त्याबद्दल देवाचे वचन काय सांगते ते पाहू.

देवाने माणसाला दिलेले पहिले काम

उत्पत्तीच्या पुस्तकात देवाने माणसाला घडवले, एदेन बागेत ठेवले आणि दोन कामे सांगितली: बागेची मशागत करायची आणि तिची राखण करायची. मूळ हिब्रू भाषेतल्या पहिल्या क्रियापदाचा अर्थ राबणे असा आहे, पण सेवा करणे असाही आहे. देवाच्या उपासनेसाठीही तेच क्रियापद येते. दुसरे क्रियापद राखणदाराचे आहे. देवाच्या आज्ञा पाळणे यासाठीही तेच वापरले जाते. म्हणजे वाफ्याला पाणी घालणे आणि वेदीपुढे उभे राहणे यांत बायबल फार मोठी भिंत घालत नाही.

लक्षात घ्या, हे काम पापानंतरची शिक्षा म्हणून आलेले नाही, ते पापाच्या आधीचे आहे. संत अगस्तीनने उत्पत्तीवर भाष्य लिहिताना हाच मुद्दा मांडला. नंदनवनात माणसाला कष्ट कशाला, असा प्रश्न त्याने घेतला आणि त्याचे उत्तर असे की ते कष्ट नव्हते, तो आनंद होता. बी पेरताना आणि कलम लावताना माणूस देवाच्या कामात हात घालतो. घाम आणि काटे पुढे आले, आनंद मात्र आधीचा आहे. ज्यांनी स्वतः लावलेल्या वेलीचा पहिला दुधी उतरवला आहे, त्यांना हे तत्त्वज्ञान समजावून सांगावे लागत नाही.

वाडी आपल्याला काय शिकवते

वसईच्या जुन्या वाडीत एकाच तुकड्यात किती जण नांदतात पाहा. वर माड आणि सुपारी, त्याखाली केळी, आधाराला धरून चढलेली पानवेल, सावलीत अळू आणि हळद, उन्हाच्या पट्ट्यात वांगी, मुळा, पालक, मांडवावर पडवळ, कारली, शिराळी. कोणाला ऊन जास्त हवे, कोणाला कमी. माळी प्रत्येकाला त्याची जागा देतो. आगाशीच्या बाजूची सुकेळी आपण आवडीने खातो. ती राजेळी केळी सोलून, दिवसचे दिवस उन्हात वाळवून होतात. त्यात साखर नसते, धीर असतो.

भात कापून झाले की त्याच ओलीवर वाल टाकतात. वालाच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्यांतले सूक्ष्म जीव हवेतला नत्र धरून ठेवतात आणि तो मातीला मिळतो. भाताने जे घेतले त्यातले काही वाल परत करतो. नुसते घेत राहिलेली जमीन थकते, आणि माणसांचेही तसेच आहे. घरात एकच जण सतत देत असेल आणि बाकीचे घेत असतील, तर त्या घराचीही माती थकते.

आता विहिरीकडे पाहू. समुद्राजवळच्या जमिनीखाली पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते हलके असते. गोड्या पाण्याची पातळी 1 फूट खाली गेली, तर खालचे खारे पाणी सुमारे 40 फूट वर सरकू शकते, असा त्याचा हिशेब आहे. रहाट होता तेव्हा बैल दमायचा आणि विहिरीला विसावा मिळायचा. पंप दमत नाही. एकाने हाव धरून रात्रंदिवस उपसा केला, तर खारटपणा त्याच्या विहिरीपुरता थांबत नाही, शेजाऱ्याच्या केळीही करपतात. जमिनीला कुंपण घालता येते, जमिनीखालच्या पाण्याला नाही. ख्रिस्तसभा ज्याला सर्वांचे हित म्हणते, ते शिकायला सेमिनरीत जावे लागत नाही. विहिरीच्या काठावर उभे राहिले तरी पुरते.

हाच धडा घेऊन हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले. बेसुमार बांधकाम आणि टँकरने होणारा पाण्याचा उपसा यांविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो लोकांबरोबर रस्त्यावर उतरले. 2020 साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून महाराष्ट्राने त्यांचा गौरव केला. 25 जुलै 2024 रोजी ते प्रभूघरी गेले. धर्मगुरूने विहिरींची काळजी का करावी, असे त्या वेळी काहींनी विचारले असेल. पण ज्या पाण्याने आपण बाप्तिस्मा देतो, ते त्याच जमिनीतून येते.

नाबोथाचा मळा

राजांच्या पहिल्या पुस्तकातली एक गोष्ट आपण ऐकली आहे. राजवाड्याला लागून नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा होता. अहाब राजाला तो हवा होता. कशासाठी, हे आपण विसरतो: त्याला तिथे भाजीपाल्याची बाग करायची होती! त्याने देऊ केलेला मोबदलाही वाईट नव्हता. बदल्यात याहून चांगला मळा, नाहीतर रोख किंमत. नाबोथाने नकार दिला, कारण ते वाडवडिलांचे वतन होते. मग राजा रुसून अंथरुणावर पडला, राणीने खोटे साक्षीदार उभे केले, नाबोथाला दगडमार झाला आणि एलिया संदेष्टा राजाच्या दारात न्याय घेऊन आला.

भाजी लावणे हे पाप नव्हते, जमीन विकत मागणे हेही पाप नव्हते. नकार ऐकून न घेणे, हे पाप होते. आपल्या घरांतही राजवाडा नसताना अहाब निपजतो. एक भाऊ मुंबईत, एक गावाला, बहीण सासरी. कागद तयार होतो आणि बहिणीला सांगितले जाते, हक्कसोडपत्रावर सही कर, तुझ्या लग्नात खर्च झाला आहे. बंधूंनो, स्पष्ट लिहितो. मृत्युपत्र नसेल तर आपल्या राज्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांना 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. त्यानुसार वडिलांच्या मागे विधवा आईला एक तृतीयांश मिळते आणि उरलेले मुलगे व मुली यांच्यात सारखे वाटले जाते. बहिणीने आपखुशीने सोडले तर तो तिचा मोठेपणा. दबावाने घेतले तर तो नाबोथाचाच मळा आहे, आणि त्या पैशातून चर्चला दिलेल्या देणगीने तो शुद्ध होत नाही.

मग विकायचेच नाही का?

असे आम्ही म्हणत नाही. आजारपण असते, मुलांचे शिक्षण असते, दहा बाय बाराच्या खोलीत तीन पिढ्या असतात. गावी राबणारे कोणी उरलेले नसते. आईच्या ऑपरेशनसाठी ज्याने दोन गुंठे विकले, त्याने जमिनीपेक्षा आईला मोठे मानले, आणि देवानेही तेच केले असते. शिवडीची बागसुद्धा एके काळी दफनभूमीसाठी गेलीच. त्या दफनभूमीत आज आपली माणसे विसावली आहेत. जमिनीचे रूप बदलणे हे दर वेळी पाप नसते. कोणासाठी बदलले आणि कोणाला विचारून, हा प्रश्न आहे.

गिरगावात फणसवाडी आहे, केळेवाडी आहे, मुगभाट आहे. नावे उरली आहेत. 1867 साली विरारहून मुंबईला पहिली लोकल धावली आणि पुढे त्याच मार्गाने वसईची भाजी, फुले, विड्याची पाने शहरात येऊ लागली. शहराने आपल्या वाड्या गिळल्या, मग दुसऱ्यांच्या वाड्यांवर आपले ताट मांडले. त्या वाड्याही नुसत्या नावापुरत्या उरल्या, तर पुढची भूक कोणाच्या दारात जाणार?

म्हणून निर्णय घेण्याआधी संत लूकच्या शुभवर्तमानातला अंजिराच्या झाडाचा दाखला वाचा, अशी आमची विनंती आहे. मालक तीन वर्षे फळ शोधत येतो, फळ नाही. तो झाड तोडायला सांगतो. त्याचा हिशेब चुकीचा नाही. पण माळी मध्ये पडतो आणि अजून एक वर्ष मागतो. तो नुसते वर्ष मागत नाही, त्या वर्षात आपण काय करणार तेही सांगतो: आळे खणीन, खत घालीन. आणि तरीही फळ आले नाही तर तोडण्याची त्याची तयारी आहे. हा हट्ट नाही, आंधळी आशाही नाही. हातात फावडे घेतलेली ही आशा आहे.

ज्यांच्या घरी विक्रीची बोलणी चालू आहेत, त्यांनी हे एक वर्ष मागून घ्यावे. त्या वर्षात सगळ्या भावंडांनी एकदा तरी एकत्र वाडीत जावे. विहिरीचा गाळ काढावा. शेजारी कोणी कसायला तयार असेल तर रीतसर कागद करून द्यावी. आईच्या डोळ्यांदेखत मुलांना चार वाफे करायला लावावेत. वर्षानंतरही विकणेच योग्य वाटले, तर सगळ्यांनी मोकळ्या मनाने सही करावी. निदान अबोला तरी राहणार नाही.

ज्यांच्याकडे वाडी नाही त्यांच्यासाठी

गॅलरीतला डबा हीसुद्धा देवाने सोपवलेली बाग आहे. तळाला भोके पाडा. धणे हलके रगडून पेरा, मेथी नुसती विखरून टाका. मेथी महिन्याभरात ताटात येते. पुदिना, मिरची, गवती चहा, अळू यांना फार जागा लागत नाही. भाजीच्या साली आणि गळलेली पाने कुजवून घाला, म्हणजे माळ्याचे खत घरीच झाले. डब्याखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका, डेंग्यूचे डास तिथेच होतात. आणि पहिली जुडी शेजारच्या दारात द्या, शेजारी कोणत्याही धर्माचा असो.

असिसीचे संत फ्रान्सिस मठाच्या बागेचा एक कोपरा न खणता सोडायला सांगत, तिथे रानफुले आपोआप उगवावीत आणि ती पाहणाऱ्याचे मन देवाकडे जावे म्हणून. त्यांचे नाव घेतलेल्या पोप फ्रान्सिस महोदयांनी 2015 साली 'लाउदातो सी' हे परिपत्रक लिहून सगळ्या जगाला एदेन बागेतल्या त्या दोन कामांची आठवण करून दिली: मशागत आणि राखण. आपण पहिले काम फार केले, दुसरे विसरलो.

येत्या रविवारी अर्पणाच्या वेळी प्रत्येक घराने मूठभर बी आणावे, वालाचे, भेंडीचे, कशाचेही. मिस्सानंतर ते सर्वांत वाटू. परलोकवासी आप्तांसाठी मेणबत्ती लावाल, तसे त्यांच्या नावाने एक बी लावा.

हे प्रभो, पहिल्या माणसाच्या हाती तू बाग दिलीस. आमच्या हातांना राखण शिकव. भावंडांत पडलेले कुंपण काढून टाक. आमच्या मृत आप्तजनांना तुझ्या बागेत चिरविश्रांती दे. आणि आमच्यात फळ दिसले नाही, तर आम्हांला अजून एक वर्ष दे. आमेन.

प्रभूच्या सेवेत,
आपले धर्मगुरू