मिडवे आणि पाचवे कारण

युद्धाचे पारडे केव्हा फिरले हा प्रश्न इतिहासाचा आहे. परंतु ते कोणामुळे फिरले, असे विचारताच कर्तृत्वाचा, म्हणजे एखादे कर्म खरोखर कोणाचे मानावे याचा, तात्त्विक प्रश्न उभा राहतो. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरातील मिडवे बेटांजवळ ४ जून १९४२ रोजी झालेल्या लढाईत तो विशेष तीव्रतेने जाणवतो.

त्या सकाळी ‘एंटरप्राइझ’ या अमेरिकी विमानवाहू नौकेवरून निघालेल्या बॉम्बफेकी विमानांना जपानी आरमार अपेक्षित ठिकाणी सापडले नाही. इंधन कमी होत असतानाही त्यांचा प्रमुख वेड मॅक्लस्की याने शोध सोडला नाही, आणि त्याला भरवेगाने निघालेली ‘अराशी’ ही एकटी जपानी विनाशिका दिसली. ‘नॉटिलस’ या अमेरिकी पाणबुडीला पाण्याखाली दाबून ठेवण्यासाठी मागे थांबलेली ती नौका आता आपला ताफा गाठू पाहत होती. तिच्या रोखाने विमाने वळली, आणि साडेदहाच्या सुमारास त्यांनी व ‘यॉर्कटाउन’वरील विमानांनी काही मिनिटांतच ‘आकागी’, ‘कागा’ आणि ‘सोर्यू’ या विमानवाहू नौका पेटवल्या.

याला सहज नशीब म्हटले जाते. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात मात्र कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे कर्माचा आधार, कर्ता, करण म्हणजे साधने, चेष्टा म्हणजे नाना व्यापार, आणि पाचवे दैव. शंकराचार्य दैवाचा अर्थ इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या आदित्यादी देवता असा घेतात, तर रामानुजाचार्य अंतर्यामी परमात्मा असा. आंधळा योगायोग हा अर्थ दोघांनाही अभिप्रेत नाही. शिवाय ते पाचवे आहे, एकमेव नव्हे. पर्ल हार्बर येथे जोसेफ रोशफोर्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जपानी सांकेतिक संदेश उलगडले नसते, किंवा कोरल समुद्रातील लढाईत जबर नुकसान झालेली ‘यॉर्कटाउन’ कामगारांनी तीन दिवसांच्या आत पुन्हा समुद्रात लोटली नसती, तर दैवाला उभे राहायला जागाच उरली नसती.

अधिक अवघड प्रश्न ‘हॉर्नेट’वरील टॉर्पेडो विमानांच्या तुकडीचा आहे. तिची पंधराही विमाने पडली, तीस वैमानिक-सैनिकांपैकी एकच वाचला, आणि एकही टॉर्पेडो लागला नाही. त्यांनी जपानी लढाऊ विमानांना खाली ओढल्यामुळेच पुढचा विजय मिळाला, असे दीर्घकाळ सांगितले गेले. परंतु तो हल्ला सुमारे तासभर आधीच संपला होता, आणि कार्यकारणाचा इतका सरळ धागा नंतरच्या अभ्यासात टिकत नाही. तरीही त्यांच्या कर्माचे मोल कमी होत नाही, कारण ते नंतरच्या विजयाकडून उसने आणावे लागत नाही. फलाशेवाचून केलेल्या कर्माचा विचार येथे केवळ उपदेश न राहता न्यायाची गरज ठरतो.

ईश्वराने एका पक्षाला कौल दिला, हे उत्तर त्या लढाईत मेलेल्या सुमारे तीन हजार जपान्यांपुढे उच्चारता येण्यासारखे नाही. केवळ स्वतःलाच कर्ता मानणारा यथार्थ पाहत नाही, हा त्याच अध्यायातील विचार विजयी राष्ट्रालाही लागू होतो. ज्याला मॅक्लस्कीच्या बाजूने दैव म्हटले गेले, ती ‘अराशी’वरील खलाशांच्या बाजूने चेष्टा होती, नेमून दिलेले काम चोख बजावण्याची, आणि ज्या पाणबुडीमुळे ते मागे राहिले, त्या ‘नॉटिलस’चा एकही टॉर्पेडो त्या सकाळी कोणत्याही जहाजाला लागला नव्हता.