जँगोची दोन बोटं

गिटार वाजवणाऱ्या माणसाने मनगटाची तक्रार केली की समोरच्याला हमखास गिटारवादक जँगो राइनहार्ट आठवतो. परवा एका जुन्या वादक मित्राने मलाही तो ऐकवला. "अगं, जँगोची दोन बोटं कामातून गेली होती. उरलेल्या दोन बोटांवर त्याने अख्खा युरोप नादावला. तुझी तर पाचही शाबूत आहेत!" बोलला तो धीर देण्यासाठीच, पण जाता जाता चिमटाही काढून गेला. पाच बोटं शाबूत म्हणजे कमी काय पडतंय? जिद्दच ना! समोर मी मान डोलावली. घरी आल्यावर मात्र त्याच्याशी मनातल्या मनात भांडत बसले.

माझं दुखणं कार्पल टनेलचं; त्याची ओळख करून देण्याचे दिवस गेले. कुणाच्या ना कुणाच्या मनगटाला पट्टा दिसतोच. मनगटातल्या हाडांच्या खोबणीवर एक जाड बंध ताणलेला असतो. त्याखालच्या बोगद्यातून बोटं मिटवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक मज्जातंतू जातो. आत दाटी झाली की चेपला जातो मज्जातंतू. मग अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अर्धी अनामिका बधिर होते. करंगळी मजेत असते, तिचा मज्जातंतू दुसऱ्या वाटेने येतो. रात्री मुंग्यांनी जाग येते आणि उठून हात झटकत बसावं लागतं. एवढं सगळ्यांना माहीत आहे.

माझं म्हणणं वेगळं होतं. नुकसान दोन तऱ्हांचं असतं: होऊन गेलेलं आणि होत असलेलं. जँगोचं होऊन गेलेलं. १९२८ साली, अठराव्या वर्षी, त्याच्या राहत्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी भाजून आखडली. भयंकरच, पण जे व्हायचं ते त्या रात्री झालं. पुढे तो वाजवत गेला म्हणून बोटं आणखी भाजली नाहीत. तिथे जिद्दीला वाव होता. चेपलेल्या मज्जातंतूचं तसं नसतं. तिथलं नुकसान रोज थोडं थोडं चालूच असतं आणि 'आज काही झालं तरी तासभर वाजवणारच' असं म्हणणारी जिद्द त्याला हातभार लावते.

आपली तर तालीमच अशी. गिटार शिकताना सुरुवातीला बोटांची टोकं सोलवटतात, पोलादी तार चावते, मग घट्टे पडतात आणि एके दिवशी दुखणं थांबतं. त्यातून कायमचा धडा मिळतो: दुखलं तरी रेटायचं, पलीकडे सुख आहे. कातडीपुरता तो खरा आहे. मज्जातंतूला घट्टा पडत नाही. तो आधी कुरकुरतो, मग गप्प होतो, आणि त्या गप्प होण्याला आपण 'बरं वाटतंय' समजतो. तार बोटाला नीट जाणवेनाशी झाली की माणूस नकळत जास्त दाबतो. जास्त दाबलं की बोगद्यातली ओढाताण वाढते आणि बोट आणखी बधिर होतं.

मित्राचा यावरचा युक्तिवाद ठरलेला आहे: मोठमोठे लोक दुखऱ्या हातांनी वाजवत आले. आले असतील. ज्यांचे हात अर्ध्यात गेले त्यांच्या रेकॉर्ड निघाल्या नाहीत, म्हणून ते त्याच्या यादीत नाहीत. शिवाय हे दुखणं दरवेळी गिटारनेच येतं असंही नाही. थायरॉइड, मधुमेह, संधिवात, गरोदरपण यांतूनही ते येतं. काहींचा बोगदा जात्याच अरुंद असतो. तेव्हा 'फार रियाज केला म्हणून झालं' ही ऐट नको आणि 'सोसवलं नाही' ही खंतही नको.

इथे थोडं आडवळणाने जाते. ब्रिजभूषण काबरा गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवत. तारांवरून कांडी सरकवत राग उभा करत. १९६७च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या जोडीला जी गिटार आहे ती त्यांची. त्यांनी हा मार्ग धरला तो मींडेसाठी, मनगटासाठी नव्हे. पण या बैठकीत गिटारची मान मुठीत आवळायची नसते, मनगट मुडपायचं नसतं. एकच वाद्य, धरायची रीत बदलली आणि हाताचं कामच बदललं. हे ध्यानात आलं तशी माझ्या भांडणाची धार बोथट होऊ लागली.

कारण मित्राच्या गोष्टीला एक उत्तरार्ध आहे. १९६५ साली बर्मिंगहॅमच्या एका पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमी नावाच्या सतरा वर्षांच्या पोराच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं यंत्रात तुटली. पोरगा डावखुरा, म्हणजे गेली ती तारा दाबणारी बोटं. कारखान्यातल्या साहेबाने धीर द्यायला त्याला काय ऐकवलं? जँगोची रेकॉर्ड! पण आयोमी ती ऐकून दात-ओठ खात जुन्याच पद्धतीने वाजवायला बसला नाही. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, त्यांवर चामडं चढवलं, बँजोच्या बारीक तारा लावल्या. पुढे १९७१च्या अल्बमात त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडने काही गाण्यांसाठी तारा दीड स्वर खाली उतरवल्या; ढिल्या तारेला जोर कमी लागतो. जग ज्याला हेवी मेटल म्हणतं त्या जडशीळ आवाजात बोटं वाचवण्याच्या या खटपटीचा वाटा आहे. जँगोनेही तेच केलं. एकल वादन दोन बोटांवर आणलं, कॉर्ड नव्याने बसवले, आखडलेली बोटं जमेल तिथे तारेवर नुसती टेकवली. म्हणजे मित्राचा दाखला बरोबर आहे, तात्पर्य तेवढं चुकलं. नुकसान होऊन गेलेलं असो की चालू असो, उपाय एकच; जँगो आणि आयोमी दोघांनाही तारलं ते वाजवण्याची रीत मोडून नवी बांधण्याने. माझ्यासारखीला तर ते जास्तच लागू आहे, कारण मला अजून वाचवायला काहीतरी शिल्लक आहे.

गिटार हाताशी असेल तर एक करून पाहा. तिसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटच्या जरा मागे बोट नुसतं टेकवा आणि तार छेडा. ठप्प आवाज येईल. दाब किंचित वाढवत न्या: आधी खरखर, मग एका क्षणी स्वर स्वच्छ. तिथेच थांबा. त्यापुढचा सगळा जोर फुकटचा असतो. फार दाबलं तर स्वर चढतोसुद्धा. पट्टा लांब सोडून गिटार गुडघ्याशी लोंबकळवली की मनगट मुडपतं. शास्त्रीय गिटारवाले डावा पाय चौकीवर ठेवून मान वर उचलतात, ते काही उगाच नाही. सहाही तारा दाबणाऱ्या एफ कॉर्डच्या जागी चार तारांचा छोटा एफ चालतो. कॅपोचा चिमटा लावण्यात कमीपणा नाही, बारीक तारा लावण्यातही नाही. ऑपरेशनकडेही मी आता तसंच बघते: सर्जन तो ताणलेला बंध कापून आतली दाटी मोकळी करतो, म्हणजे मांडणीच बदलतो.

तेव्हा रात्री हात झटकावा लागत असेल तर मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपा आणि डॉक्टरांकडून मज्जातंतूची तपासणी करून घ्या. साखर आणि थायरॉइडही बघायला सांगा. दोन्ही तळवे शेजारी धरून अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा ताडून पाहा. एका हाताचा सपाट दिसला तर पुढच्या कार्यक्रमापर्यंत थांबू नका. झिजलेला तो स्नायू पुन्हा पुरता भरेल याची हमी ऑपरेशननंतरही मिळत नाही.